पैनगंगा न ओलांडलेला शब्द

पोरांनो, वेचणीला आलाच आहात तर एक फुटलेलं बोंड हातात घ्या आणि सरकीवरचा एकच तंतू ओढून काढा. जमला? तो अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत इंचभर लांब झाली! आपल्या अंगातल्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, हिला मात्र चिमटीत धरता येतं. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्याच सुमारास आत तंतूंची वाढ सुरू होते. बोंड फुटलं की पेशी वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवतीच पीळ घेते. त्या पिळामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून सूत निघतं. काटेसावरीचा कापूस गुळगुळीत, बिनपिळाचा; तो उशीत जातो, धोतरात नाही.

आता कापसाच्या नावाची गंमत. संस्कृतात कर्पास, पालीत कप्पास, आपल्याकडे कापूस. हे नाव कापडाच्या गाठोड्यांबरोबर जहाजात बसलं. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणी बादशहाच्या महालातले पडदे आहेत, तिथे ते 'कर्पस' झालं. ग्रीकांकडे कार्पासोस. रोमन लोकांकडे पोहोचेपर्यंत कार्बासुस, आणि अर्थही हलला: तलम कापड, पुढे चक्क जहाजाचं शीड! पूर्वेला मलय लोक तर आजही कापसाला कापासच म्हणतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, नाव ठाऊक नसावं. त्यानं लिहिलं की हिंदुस्थानात झाडांना लोकर लागते. जर्मन माणूस अजून 'झाडाची लोकर' याच अर्थाचा शब्द वापरतो. इंग्रजांचं कॉटन वेगळं, ते अरबी 'कुत्न'वरून आलं.

संस्कृतानं तरी कर्पास कुठून आणला? मुंडा कुळातल्या भाषांकडून, असं काही अभ्यासकांना वाटतं. आपल्या मेळघाटातली कोरकू त्याच कुळातली. मला हे पटतं. कापूस पिकवणाऱ्यानं त्याचं नाव आधी ठेवलं असणार. झाड मात्र बदललं. जुनी गावरान कपाशी आता यवतमाळात शोधावी लागते. शेतात उभी आहे ती मूळ अमेरिकेतली जात. तिलाही आपण कापूसच म्हणतो.

एवढे समुद्र ओलांडलेला हा शब्द आपली पैनगंगा मात्र ओलांडू शकला नाही. पलीकडे आदिलाबादेत तेलुगू शेतकरी म्हणतो 'पत्ती'. तमिळमध्ये परुत्ती. ही द्रविड घराण्याची स्वतःची मिरास, उसनं घ्यायची त्यांना गरजच नव्हती. कन्नडमध्ये जुन्या 'प'चा 'ह' झाला. तेव्हा धारवाडकडचा कुणी म्हणाला, की यंदा आमच्या रानात हत्ती चांगली आलीय, तर पळू नका.