रेला कुणाच्या बाजूचा?

गडचिरोलीतल्या माडिया गावात सण-लग्न असले की रात्री पोरेपोरी एकमेकांच्या कमरेत हात घालून रांग धरतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि पालुपदाला शब्द एकच : रेला. बहाव्याच्या झाडालाही तिकडे रेलाच म्हणतात. गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, अशी वाटणी या गाण्यात नसते.

वाटणी बाहेरून आली. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमे सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला, तो हा संघर्ष उशाशी घेऊनच. १९९० मध्ये पोलिसांचे 'सी-६०' पथक उभे राहिले, तेही स्थानिक तरुणांमधून. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये जिल्ह्यात ४० नक्षलवादी. दोन्ही याद्यांत आदिवासी घरांतली पोरे होती. खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची यादी आणखी निराळी.

गाणेही सुटले नाही. नक्षलवाद्यांच्या 'चेतना नाट्य मंच'ने गोंडी चालींवर क्रांतीचे शब्द बसवले. पोलिसांनी जनजागरण मेळाव्यांत रेला नाचवला. स्मारकांचेही तेच. एकीकडे लाल स्तंभ, दुसरीकडे शहीद पोलिसांची नावे. माडियांची जुनी रीत मात्र साधी : माणूस गेला की त्याच्या नावाने एक दगड उभा करायचा.

युद्धाने पोळलेली माणसे गाण्याकडे का वळतात? युक्रेनमध्ये खेड्यापाड्यांतून मोकळ्या, चढ्या आवाजात समूहाने गायची परंपरा आहे. तिथल्या निप्रोपेत्रोव्हस्क प्रांतातली कोसॅक गाणी युनेस्कोने २०१६ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घातली. ती टिकवली मुख्यतः म्हाताऱ्यांनी. गाण्यांचा विषय बहुधा युद्ध आणि मागे राहिलेली माणसे. २०२२ पासून त्याच प्रांतावर तोफा-क्षेपणास्त्रे पडत आहेत. समूहात गाताना श्वास एका लयीत येतो, आणि स्वतःचे दुःख न सांगताही ते बाहेर पडते. ज्याला बोलता येत नाही, त्याला पालुपद तरी म्हणता येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ नेत्यासह ६१ नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे. तिच्यात पैसा आहे, पुनर्वसन आहे. बँकेत आयुष्य घालवलेला मी, पैशाला कमी लेखणार नाही. पण ज्याचा बाप मारला गेला आणि ज्याने बंदूक धरली, ते दोघे उद्या एकाच पाणवठ्यावर येणार. त्या भेटीची नोंद कुठल्या खात्यात करायची?

गाण्याने न्याय होत नाही. गुन्ह्याची चौकशी, जंगलावरचा हक्क, दवाखाना, शाळा यांची जागा नाच घेणार नाही. लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, ते गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसून, एकमताने निर्णय घेत केलेल्या झगड्यातून. मात्र एकत्र बसायला आधी एकमेकांच्या शेजारी उभे राहता यावे लागते. गोटुलाचे अंगण त्यासाठीच असते.

म्हणून आता एवढेच करावे : रेल्याला मेळाव्याच्या मंचावरून खाली उतरू द्यावे. बक्षीस नको, फलक नको, पाहुणा नको. रांगेत शेजारी कोण आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कमरेत हात घालायला कुणाला वर्ष लागेल, कुणाला दहा वर्षे. तोवर पालुपद चालू राहिले पाहिजे.