एसो ओसाकाची कैफियत

2024 सालच्या मार्चच्या 26 तारखेस, उत्तररात्री, बॉल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'दाली' या सुमारे 300 मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली, इंजिन थांबले आणि काही मिनिटांतच ते एका पुलाच्या खांबावर आदळून पूल कोसळला व त्यावरील सहा कामगार प्राणास मुकले. जहाजावरील बहुतेक खलाशी आपले भारतीय होते, म्हणून हा वृत्तान्त आपल्याकडेही पुष्कळ चर्चिला गेला. त्याची पुनरुक्ती येथे नको. त्यातील एकच तपशील मला येथे हवा आहे. आणीबाणीच्या जनरेटरवर सुकाणू वळत होते, परंतु प्रोपेलर फिरत नव्हता. अशा अवस्थेतील जहाज कोणीकडे जाईल हे गणिताला आधी सांगता येते काय, या प्रश्नाने मला 'दाली'च्या कितीतरी आधीपासून पछाडलेले आहे.

सुकाणूचे सामर्थ्य त्याच्या पात्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या वेगातून येते, आणि तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणूनच ते प्रोपेलरच्या झोताच्या वाटेत, त्याच्या पाठीशी बसविलेले असते. प्रोपेलर थांबला की तो झोत तर लोपतोच, शिवाय त्याची निश्चल पाती सुकाणूपुढे आडोसा होऊन उभी राहतात. हे वर्तन लहान प्रतिकृतींवर अजमावता येते: फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळच्या पोर्ट रेव्हेल येथे 1967 पासून एक पंचविसांश प्रमाणाच्या नौकांत बसून कप्तान जहाज हाकण्याचे शिक्षण घेतात. विल्यम फ्रूडच्या नियमानुसार तेथे काळ पाचपट वेगाने धावतो, ही व्यवस्था मोठी मनोहर आहे. पण लहान नौकेला पाण्याचे घर्षण प्रमाणाबाहेर जाणवते, तिच्या प्रोपेलरला अधिक राबावे लागते, आणि त्यामुळे तिच्या सुकाणूला खऱ्या जहाजाहून जोरदार झोत मिळतो. संगणकावरचे सिम्युलेटर या दोषातून सुटतात, पण त्यांच्या पोटातील समीकरणांना आकडे कोठून तरी पुरवावेच लागतात.

त्या समीकरणांविषयी दोन संप्रदाय आहेत, आणि त्यांतील मतभेद मला कोणत्याही राजकीय वादाहून अधिक रोचक वाटतो. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक मार्टिन ॲब्कोविट्झ यांनी 1964 साली डेन्मार्कमध्ये दिलेल्या व्याख्यानांत संपूर्ण जहाज हा एकच पदार्थ मानला आणि त्यावरील बलांची एक दीर्घ श्रेणी मांडली, जिचा आरंभबिंदू म्हणजे सरळ, संथ, नित्याचा प्रवास. जपानी संशोधकांनी पुढे सत्तरच्या दशकात काया, प्रोपेलर आणि सुकाणू यांचा हिशेब निरनिराळा ठेवून मागाहून त्यांचे परस्परपरिणाम जोडले. निकोप जहाजासाठी दोन्ही रीती चालतात. परंतु इंजिन बंद पडलेले जहाज म्हणजे नित्याच्या अवस्थेपासून फार दूर गेलेले जहाज, आणि तेथे पहिली रीत आपल्या आरंभबिंदूपासून इतकी लांब खेचली जाते की तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. जपानी पद्धतीत प्रोपेलरचे बल शून्य मांडता येते. मात्र शून्य मांडणे सोपे. थांबलेल्या पात्यांमागे सुकाणूला किती पाणी मिळते हे मोजणे दुष्कर.

ते मोजण्याचा जो प्रामाणिक प्रयत्न झाला, तो 'एसो ओसाका'वर. 1977 सालच्या जुलै-ऑगस्टात मेक्सिकोच्या आखातात हे 2,78,000 टनी तेलवाहू जहाज खोल, मध्यम आणि उथळ अशा तीन पाण्यांत मुद्दाम फिरविण्यात आले. उथळ म्हणजे किती, तर जहाजाच्या बुडालेल्या भागाच्या केवळ पाचव्या हिश्शाइतके पाणी तळाखाली शिल्लक. नेहमीच्या वर्तुळाकार आणि नागमोडी चाचण्यांबरोबर इंजिन बंद करून, नुसत्या संवेगावर वाहत असताना सुकाणू टाकण्याच्या चाचण्याही घेण्यात आल्या. लिंकन क्रेन यांनी लिहिलेल्या अहवालातील एक निष्कर्ष तर सहजबुद्धीला चकविणारा आहे: सुरू झालेले वळण आवरण्याची जहाजाची क्षमता खोल पाण्याकडून मध्यम पाण्याकडे येताना घटते, आणि उथळात गेल्यावर पुन्हा वाढते. पाणी कमी होत जाईल तसतसे सर्वच बिघडत जाईल असे गृहीत धरून जो सिम्युलेटर रचला जाईल, तो कप्तानाला नेमक्या मधल्या खोलीत फसवील.

या चाचण्यांना वर्षही उलटले नव्हते, तोच 16 मार्च 1978 रोजी 'अमोको कादिझ' या तेलवाहू जहाजाचे सुकाणू एका बाजूस अडकले आणि दोन लाखांहून अधिक टन तेल फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पसरले. त्यानंतर कायदे झाले. मोठ्या तेलवाहू जहाजाच्या सुकाणू-यंत्रणेत एखादा बिघाड झाल्यास 45 सेकंदांत ताबा परत मिळाला पाहिजे, असा दंडक आला. तो योग्यच होता, परंतु त्याने यंत्राचा बंदोबस्त केला. यंत्र गेल्यावर जहाज कसे वागते या ज्ञानात त्याने भर घातली नाही.

'एसो ओसाका'चे आकडे मात्र जगभरच्या प्रयोगशाळांनी कसोटी म्हणून उचलले, ॲब्कोविट्झ यांनीही त्यांवरून आपल्या श्रेणीचे गुणांक काढले, आणि 2002 साली आंतरराष्ट्रीय टोइंग टँक परिषदेच्या खास समितीने या एकाच जहाजाविषयी प्रसिद्ध झालेले सर्व गुणांक पडताळून पाहिले, तेव्हा त्यांत विलक्षण तफावत आढळली. इतक्या बारकाईने तपासलेल्या जहाजाची ही स्थिती असेल, तर ज्यांची अशी तपासणी कधी झालीच नाही त्या जहाजांच्या संगणकीय प्रतिकृतींविषयी काय बोलावे! आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे त्याच 2002 सालचे मानदंड खोल, शांत पाण्यातील वर्तुळ, नागमोड आणि पूर्ण उलट्या इंजिनाने थांबणे एवढेच मागतात. इंजिन बंद असताना जहाज सुकाणूला किती मानते, ही चाचणी त्यांत नाही. माझ्या मते ती प्रत्येक नव्या जातीच्या महाकाय जहाजाला सक्तीची असावी, आणि तीही उथळ पाण्यात, कारण पूल आणि धक्के तेथेच असतात. खर्च मोठा येईल, जहाज काही दिवस अडकून पडेल, मालक कुरकुरतील, पण 1977 साली ते सर्व एकदा साधले होते.