रेझिनमधले बुडबुडे: दोष हवेचा की ओलीचा?

पावसाळा लागला की लष्करी मॉडेलं करणाऱ्या पोरांचं एकच पालुपद सुरू होतं: “पार्टला जाळी पडली. हवा अडकते. आता व्हॅक्यूम पंप घ्यावाच लागणार.” हजारो रुपये पंपावर घालण्याआधी बाबांनो, बाटलीचं झाकण बघा!

१:३५ प्रमाणातल्या सेंच्युरियन किंवा विजयंता रणगाड्याचे सुटे भाग घरी ओतायला बहुतेक जण दोन बाटल्यांचं पॉलियुरेथेन रेझिन आणतात. त्यातल्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं. त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोमची गादी फुगते ती याच क्रियेने, फक्त तिथे पाणी मुद्दाम घालतात. वैनगंगेकाठच्या आपल्या तलावांच्या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये ते न घालताच शिरतं.

“एवढ्याशा दमटपणाने काय होतं?” असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. खरा जेरीकॅन सुमारे ४७ सेंटिमीटर उंच. १:३५ मध्ये तो साडेतेरा मिलिमीटर भरतो आणि त्यात रेझिन मावतं जेमतेम ०.६ मिलिलीटर. एक मिलिग्रॅम पाणी, म्हणजे थेंबाचा साधारण पन्नासावा भाग, पूर्ण वापरलं गेलं तर १.३ मिलिलीटर वायू देतं. म्हणजे अख्ख्या जेरीकॅनच्या दुप्पट!

हे पाणी येतं कुठून? ढवळायला घेतलेल्या आइस्क्रीमच्या लाकडी काडीतून, कागदी कपातून, भर म्हणून घातलेल्या टाल्कम पावडरीतून, आणि सगळ्यात जास्त, ओतून झाल्यावर तशाच उघड्या ठेवलेल्या बाटलीतून. दुसऱ्या बाटलीतलं पॉलिऑल हवेतली ओल ओढून घेतं. शंका असेल त्याने कोणत्याही कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक काढून वाचावं. ओलीपासून जपण्याची सूचना त्यात असतेच.

दोन्ही बुडबुडे ओळखायला सोपे आहेत. अडकलेली हवा साच्याच्या कोपऱ्यात किंवा कडेखाली एखाद-दुसरा मोठा खड्डा पाडते. ओलीचे बुडबुडे बारीक, सगळीकडे सारखे, आणि रेझिन घट्ट होऊ लागताना उठतात; कधी कधी ते ओतायच्या भोकातून वर फुगून येतं. वायू आतच तयार होत असेल तर पंप काय काढणार? शिवाय तीन मिनिटांत धरणाऱ्या रेझिनला पंपाखाली ठेवायला वेळच नसतो. पंप सिलिकोनचा साचा करताना कामाला येतो. रेझिनसाठी दाबाचं भांडं वापरतात, त्यात बुडबुडे दबून दिसेनासे होतात. पण त्यासाठी घरच्या कुकरमध्ये कंप्रेसरची हवा कृपा करून भरू नका. कुकर साधारण एक बार दाबासाठी बनतो, इथे तीन-चार बार लागतात. तो फुटतो.

भंडाऱ्याला हे परकं वाटू नये. पितळेच्या या गावात ओल्या साच्यात रस ओतायचा नाही, हे ओताऱ्याला सांगावं लागत नाही. तिथे वाफ घात करते, इथे रासायनिक क्रिया, पथ्य तेच. सिलिकोनचा साचा ओतण्याआधी ५०-६० अंशांवर तासभर शेकून घ्या, ढवळायला स्टीलची पट्टी आणि प्लास्टिकचा कप घ्या, झाकण लगेच लावा, बाटल्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रेझिन वाळत नाही, त्याची क्रिया होते. म्हणून उन्हात ठेवून ‘सुकवायचं’ नसतं, उलट मे महिन्यात ते कपातच धरतं. पितळेसारखं ते पुन्हा वितळत नाही, बिघडलेला पार्ट टाकूनच द्यावा लागतो. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, पार्ट मऊ आणि चिकट राहतो. गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेवर प्लॅटिनमचं सिलिकोन धरत नाही, तिथे टिनचं वापरा.

आणि “वास येत नाही, म्हणजे धोका नाही” हे तर अजिबात खरं नाही. आयसोसायनेटचा वास जाणवण्याआधीच ते अपायकारक पातळीला पोचलेलं असू शकतं. त्याची एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. सुरक्षा-माहितीपत्रकात हे स्पष्ट छापलेलं असतं. कापडी मास्कने वाफ अडत नाही. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, हातात नायट्राइलचे मोजे, आणि घरातली लहान मुलं दुसऱ्या खोलीत.