कंगवा अडतो तिथं

कुत्र्याला विंचरायचं म्हणजे पाठीवरून ब्रश फिरवायचा, अशी बहुतेक घरांतली समजूत. पाठ समोर असते, सपाट असते, आणि कुत्र्यालाही तिथं हात लागलेला आवडतो. टीव्ही बघता बघता दहा मिनिटं ब्रश मारला की केस चमकायला लागतात आणि आपल्याला काम उरकल्यासारखं वाटतं. भानगड असते ती कानांच्या मागे, पुढच्या पायांच्या काखांत, जांघांत, शेपटीखाली आणि पंजांच्या गाद्यांमध्ये. अंगाला अंग घासतं, ओल साचते आणि आपला हात सहसा जात नाही, अशा जागा.

मुलुंड पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ग्रूमिंगचा गाळा आहे. आमच्या शित्झूला मी तिथं नेते. गाळा चालवणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला: “जटा आहेत का?” समोरच्याचं उत्तरही ठरलेलं: “छे हो, रोज ब्रश करतो.” ताई वाद घालत नाहीत. बारीक दातांचा स्टीलचा कंगवा मालकाच्या हातात देतात आणि कानामागची जागा दाखवतात. “इथून काढून दाखवा.” कंगवा बोटभर जातो आणि रुततो. ब्रश वरच्या थरावरून सरकून जातो, कातडीपर्यंत पोचतच नाही. कातडीलगत तोवर चांगला रुपयाएवढा घट्ट गोळा झालेला असतो.

हे कुत्रे मुळात इथले नाहीत. शित्झू आणि ल्हासा अॅप्सो या दोघांचं मूळ तिबेटकडचं, थंड आणि कोरड्या हवेतलं. वर लांब केस आणि आत मऊ लव, असा दुहेरी कोट. त्यांच्याआधी उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये पांढऱ्या स्पिट्झचं राज्य होतं. आपण त्याला सरसकट पामेरियन म्हणायचो आणि १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनंतर तर तो घराघरांत दिसायला लागला. आता बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही लिफ्टमध्ये शित्झू भेटतो. या कोटाला इथली हवा मानवत नाही. पावसाच्या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आतली लव ओली झाली की दिवसभर सुकत नाही, आणि चालताना काखेत घासून तिचा नमदा होतो. पिल्लू वर्षाचं व्हायच्या सुमाराला कोट बदलतो, तेव्हा हे प्रकरण आणखी वाढतं. काल मोकळे असलेले केस आज गुंतलेले, असं खरोखर होतं.

म्हणून आंघोळीआधी विंचरायचं. हा क्रम घरोघरी उलटा असतो. गुंता असताना पाणी घातलं की तो आवळतो, शाम्पू आत अडकतो आणि खालची कातडी खाजायला लागते. वर तो शाम्पू घरातल्या माणसांचा असतो. कुत्र्याच्या कातडीचा सामू आपल्यापेक्षा न्यूट्रलच्या जवळ असतो, त्यामुळे आपला शाम्पू तिला कोरडी करतो.

काखेचं काम बघण्यासारखं असतं. ताई कुत्रीला टेबलावर उभी करतात, एक हात पोटाखाली ठेवतात आणि पुढचा पाय कोपराजवळ धरून पुढे उचलतात. बाहेरच्या बाजूला ओढत नाहीत. कुत्र्याचा खांदा पुढे-मागे हलण्यासाठी घडलेला आहे. पाय बाजूला फाकवला की सांध्यावर ताण येतो, मग कुत्रं झटका देतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. पाय थोडासाच वर जातो, पण तेवढ्यात जट दिसते. छातीपट्ट्याची कड जिथं घासते, नेमकी तिथं. हौसेनं घातलेल्या टी-शर्टाचीही तीच जागा.

ताई जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी चोळतात, म्हणजे केस एकमेकांवरून सरकतात. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर येत नाही. उजव्या हातातल्या कंगव्याच्या शेवटच्या दोनच दातांनी जटेच्या टोकाकडून सुरुवात. टोक सुटलं की जरा वर. मुळापासून ओढायला गेलं तर सगळा गोळा आणखी आवळतो. एवढ्यानं सुटलं नाही तर जट केसांच्या दिशेनं उभी चिरतात आणि दोन छोट्या जटा करून पुन्हा कंगवा. तेही नाही जमलं तर मशीन.

कात्री मात्र नाही. काखेतली कातडी पातळ आणि सैल असते. जट वर ओढली की तीही तंबूसारखी वर येते, आणि केसांत ती दिसत नाही. घरी नखं कापायच्या कात्रीनं ‘एवढंसं’ कापायला गेलेल्यांना टाके घालायला डॉक्टरांकडे पळावं लागतं. मशीनला १० नंबरचं पातं लावलं की साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. तेही दर थोड्या वेळानं ताई आपल्या मनगटाला लावून बघतात. चालून चालून तापलं असेल तर काखेत चटका बसतो.

पंजाचं काम त्यामानानं सोपं, पण कुत्र्यांना ते सगळ्यात नावडतं. गाद्यांमधले केस वाढले की गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना, त्यात सोसायटीच्या आवारातला चिखल. बोटं उलगडून बघितली नाहीत तर आत गोचीड दडलेली सापडते. तिच्यावर रॉकेल ओतायचा किंवा काडी लावायचा सल्ला अजूनही वडीलधारी मंडळी देतात, तो ऐकू नये. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायची, हाताला मोजे घालून. त्यानंतर ताप, मलूलपणा दिसला किंवा खाणं सुटलं तर थांबायचं नाही. गोचीडताप पावसाळ्यात इथं नवलाचा नाही. पंजाच्या आतल्या बाजूला थोडं वर अंगठ्याचं नख असतं, तेही केसांत हरवतं. ते जमिनीला टेकत नसल्यानं झिजत नाही आणि गोल वळून मांसात घुसतं.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडं कोमट पाण्यानं भिजवून मऊ झाल्यावरच काढायची. ते तांबूस डाग अश्रूंमधल्या पॉर्फिरिनचे असतात, आणि ते घालवायचा दावा करणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. रोज पुसणं बरं. कानातले केस सरसकट उपटायचे, ही पद्धतही आता मागे पडत चालली आहे. निरोगी कान उगाच दुखवला की सूज येते.

शेपटीखालचं कुणी बोलत नाही, आणि तिथंच पावसाळ्यात सगळ्यात वाईट होतं. केसांना शी चिकटून वाळते, वाट अडते, आणि त्या ओल्या घाणीवर माशी बसली तर अळ्या पडायला वेळ लागत नाही. ग्रूमर लोक इथले केस कापण्याला सॅनिटरी ट्रिम म्हणतात. शेपटी पाठीच्या रेषेत वर धरायची आणि भोवतालचे केस बारीक करायचे, बस. गुदाच्या ग्रंथी घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी असतात. दर वेळी त्या पिळून घ्यायचा आग्रह काही मालक धरतात. कुत्रं बूड घासत नसेल तर ताई त्यांना हात लावत नाहीत, आणि मला ते पटतं.

एवढं झाल्यावर आंघोळ, आणि मग सुकवणं. ड्रायर गार किंवा कोमट, केस बोटांनी बाजूला सारत मुळापर्यंत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवा झेपत नाही, म्हणून मध्ये मध्ये थांबायचं.

केस किती ठेवायचे यावरून गाळ्यात रोज वाद होतात. जमिनीला टेकणारा कोट मुंबईत फोटोपुरता ठीक, असं माझं मत. मेपासून सप्टेंबरपर्यंत अंगावर इंचभर केस आणि काखा-जांघा बारीक, हे आमच्या घरी ठरलेलं आहे. ताई चार आठवड्यांनी या म्हणतात, मधल्या दिवसांत रोज कंगवा फक्त त्या पाच जागांवर. गेल्या वेळी आमच्याआधी एक आजोबा नातीचं ल्हासा घेऊन आले होते. दोन्ही कान मुळापासून गुंतलेले. मशीन लावावं लागेल म्हटल्यावर त्यांनी लगेच नातीला फोन लावला. ती पलीकडून ओरडली, “आजोबा, शेपटीला हात लावायचा नाही!” ताईंनी मान डोलावली आणि कानांना मशीन लावलं.