व्हिसा देशाचा नसतो, गावाचा असतो!

नाशिकच्या इंदिरानगरमधून पुन्हा तुमच्यासमोर. आजचा प्रश्न एका श्रोत्यांनी पाठवलाय: भारत-पाकिस्तान चर्चा झाली, "व्हिसाचे नियम शिथिल" अशी बातमी आली, तर सामान्य माणसासाठी नक्की काय बदलतं?

आधी हा प्रश्न आपला कसा, ते सांगतो. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आली, इथे आपल्या देवळालीच्या छावणीतही आली. काहींची सख्खी माणसं तिकडेच राहिली. त्यामुळे या बातमीकडे महाराष्ट्रातही कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं.

आता व्हिसा चालतो कसा, ते बघू. 1948 मध्ये परमिट आलं, 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. शिमला करारानंतर, 1974 मध्ये, दोन्ही देशांनी व्हिसाचा करार केला. गंमत अशी, की हा व्हिसा देशाचा नसतो, ठरावीक गावांचा असतो. कराचीचा शिक्का असेल तर हैदराबाद-सिंधला मावशीकडे जाता येत नाही. वर पोचल्यावर पोलिसांकडे नोंद करा, निघताना पुन्हा करा. त्यात कराचीतलं भारतीय वकिलातीचं कार्यालय 1994 मध्ये बंद झालं. म्हणजे कराचीच्या माणसानं अर्ज करायचा तो पार इस्लामाबादला!

8 सप्टेंबर 2012 ला इस्लामाबादमध्ये नवा करार झाला. आपले एस. एम. कृष्णा आणि त्यांचे रेहमान मलिक यांनी सह्या केल्या. डिसेंबरात तो लागू झाला, तेव्हा आपले गृहमंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. काय मिळालं? भेटीच्या व्हिसावर तीनऐवजी पाच गावं. 10 ते 50 जणांच्या गटाला पर्यटन व्हिसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 65 वर्षांवरच्यांना अटारीला पोचल्यावर 45 दिवसांचा व्हिसा.

ही शेवटची सवलत 15 जानेवारी 2013 ला सुरू व्हायची होती. 8 जानेवारीला नियंत्रण रेषेवर आपले दोन जवान मारले गेले आणि 15 तारखेलाच ती थांबवण्यात आली. सह्या व्हायला वर्षं लागली, थांबायला एक आठवडा पुरला.

असं का होतं? माझ्या मते, व्हिसा हा सरकारच्या हातातला सगळ्यात स्वस्त इशारा आहे. सैन्य हलवावं लागत नाही, पैसा लागत नाही, नाराजी मात्र लगेच दिसते. सुरक्षेची काळजी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. 26/11 आपल्याच मुंबईत घडलं. पण किंमत भरतात ती बहुतेक वेळा म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि सीमेपलीकडे लग्न झालेल्या मुली.

2025 मध्ये तेच दिसलं. 22 एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. दोनच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांसाठी व्हिसा सेवा स्थगित झाली. दिलेले व्हिसा 27 एप्रिलपासून रद्द, उपचारांचे 29 पर्यंतच. पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम ठेवले.

तर मंडळी, पुढे कधी "व्हिसा सुलभ" अशी बातमी आली, तर तीन गोष्टी बघा. सवलत कुणाला आहे: व्यापारी, यात्रेकरू, की नातेवाईक? किती गावांची परवानगी आहे? आणि अर्ज कुठे करायचा, सीमा कुठून ओलांडायची? अटारीचं फाटकच बंद असेल, तर कागदावरची सवलत कागदावरच राहते. आणि नातेवाइकांना भेटायला जाणार असाल, तर लागू झाल्याची तारीख कळेपर्यंत तिकीट काढू नका.

तुमच्या घरात अशी काही आठवण असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!