नालीवरची काई: घाण की खत?

पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी, आपल्या जिल्ह्यात कुठेही जा. मोहल्ल्याची नाली जिथे संपते तिथे एक डबकं असतं आणि त्यावर हिरवा थर. मराठीत शेवाळ, उर्दूत काई. आपण नाक दाबून पुढे जातो. पण ही काई तिथे करते काय?

सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं. युरिया-डीएपीच्या पोत्यांतून आपले शेतकरी विकत आणतात, तेच. पाण्यातले जिवाणू घाण कुजवतात, त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. काई उन्हात ऑक्सिजन सोडते आणि जिवाणूंनी मोकळं केलेलं नत्र-स्फुरद खाऊन वाढते. कॅलिफोर्नियात विल्यम ओसवाल्ड यांनी 1950च्या दशकात याच जोडीवर सांडपाण्याची उथळ तळी विकसित केली. फूट-दीड फूट पाणी, ते हळूहळू फिरवणारं चाक आणि ऊन. ऊन तर आपल्याकडे कमी नाही!

काढलेल्या काईचं खत होतं, बायोगॅस होतो. डिझेलही निघतं, पण परवडत नाही. अमेरिकेने 1978 ते 1996 असा मोठा प्रकल्प चालवला आणि बंद केला. खरी अडचण गाळण्याची आहे. अशा तळ्यातल्या एक लिटर पाण्यात सुकी काई एक ग्रॅमही भरत नाही.

आता महत्त्वाचं. दुकानात मिळणाऱ्या स्पायरुलिनाच्या गोळ्या म्हणजेही एक सूक्ष्म शेवाळच. बुलढाण्यातल्या लोणार सरोवरात ते आढळतं, त्यात प्रथिनं भरपूर. पण गोळ्यांसाठी ते स्वच्छ पाण्यात वाढवतात. नालीची काई माणसाने खाऊ नये, बकरीलाही घालू नये. तिच्यात रोगजंतू असू शकतात आणि काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या विषाने जनावरं मरतात. कारखान्याचं किंवा बॅटरी दुकानाचं पाणी मिसळलं, तर काई शिसंही शोषते. मग ती खतालाही चालत नाही.

म्हणून सुरुवात वेगळं करण्यापासून. मशिदीतलं वुजूचं पाणी जवळपास स्वच्छच असतं, ते नालीत न सोडता झाडांना द्या. घरगुती सांडपाणी आणि धंद्यांचं पाणी वेगळं ठेवा, अशी मागणी आपण नगर परिषदेकडे करू शकतो. 2018च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसलं, ते आपण विसरलेलो नाही. एकदा वापरलेलं पाणी पुन्हा शेताच्या कामी आलं, तर तेवढं धरणातलं वाचेल.