‘काहीही सापडलं नाही’ म्हणजे ‘अस्तित्वातच नाही’ असं नव्हे : सरकारी साइटवरची शोधपेटी कशी वापरायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा संपत आलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना मी जिथे जिथे ‘हे असं टाइप करा’ म्हटलं होतं, ते इथे जरा नीट मांडलंय. मोबाइल हातात असेलच, तर वाचता वाचता करून बघा.

आजचा विषय अगदी साधा वाटेल. वेबसाइटच्या वरच्या कोपऱ्यात ते भिंग असतं ना, ती शोधपेटी. ती नीट कशी वापरायची? आणि उदाहरण मी मुद्दाम असं घेतलंय की ज्यात खरे पैसे अडकलेत. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला ‘जीआर’ म्हणतो ते, ज्या संकेतस्थळावर मिळतात तिथला शोध.

समजा, तुम्ही गावाहून शहरात शिकायला आलात. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही. रूमचं भाडं, मेस, प्रवास असं सगळं अंगावर आलं. कुणीतरी म्हणतं, ‘अरे, अशांना सरकार पैसे देतं.’ तुम्ही मोबाइल काढता, शोधपेटीत लिहिता, ‘हॉस्टेल मिळालं नाही तर पैसे’. निकाल शून्य. तुम्ही मोबाइल खिशात ठेवता आणि मनाशी ठरवता की असं काही नसतंच. गडबड होते ती इथे. निकाल शून्य होता तो तुम्ही लिहिलेल्या शब्दांचा. योजना आहे की नाही, याबद्दल त्या पेटीने काहीच सांगितलेलं नाही.

पेटीला तुमचं म्हणणं कळत नाही

आपल्याला गूगलची सवय आहे. गूगल चुकीचं स्पेलिंग सुधारतं, समानार्थी शब्द बघतं, आपल्याला काय म्हणायचंय त्याचा अंदाज बांधतं. एखाद्या संकेतस्थळाची स्वतःची शोधपेटी बहुतेक वेळा इतकी हुशार नसते. ती अक्षरं जुळवते. तुम्ही लिहिलेली अक्षरं तिच्याकडच्या नोंदीत त्याच क्रमाने असतील तर दाखवणार, नसतील तर हात वर.

दुसरी गोष्ट, ती कुठे बघते? जीआरच्या यादीत विभागाचं नाव, शीर्षक, सांकेतांक क्रमांक आणि तारीख दिसते. आतला मजकूर वेगळ्या पीडीएफमध्ये असतो. पेटी त्या पीडीएफच्या पोटात शिरून शोधते असं धरून चालू नका. तुमचा शब्द शीर्षकात असेल का, एवढाच विचार करा.

आपला शब्द सोडा, त्यांचा शब्द धरा

आपण ‘हॉस्टेल’ म्हणतो, सरकार ‘वसतिगृह’ म्हणतं. आपण ‘फी’, ते ‘शिक्षण शुल्क’. आपण ‘स्कॉलरशिप’, ते ‘शिष्यवृत्ती’. आपण ‘खर्चाला पैसे’, ते ‘निर्वाह भत्ता’. इथवर अंदाज करता येतो.

पण काही योजनांच्या नावात यातला एकही शब्द नसतो. आता हे नीट बघा. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी जी योजना २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून आहे, तिचं नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ती सामाजिक न्याय विभागाची. आदिवासी विकास विभागाची अशीच योजना आहे, तिचं नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची आहे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना.

गरज एकच, राहण्या-खाण्याचा खर्च. नावं चार. ‘स्वाधार’, ‘स्वयं’, ‘आधार’ या शब्दांत हॉस्टेल कुठेच नाही. म्हणून पहिलं काम शोधपेटीत करायचंच नाही. आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर, सीनियरला किंवा गूगलवर विचारून योजनेचं अधिकृत नाव मिळवायचं. ते नाव हातात आलं की निम्मं काम झालं.

एकच शब्द, पण नेमका

आपण जितकं जास्त लिहू तितकं चांगलं सापडेल, असं आपल्याला वाटतं. अक्षरं जुळवणाऱ्या पेटीत उलटं होतं. सहा शब्द लिहिले आणि त्यातला एक जरी जुळला नाही, तर सगळंच हातचं जातं. म्हणून सुरुवात एकाच शब्दाने करा.

कुठला शब्द? जो सगळीकडे नसतो तो. ‘योजना’, ‘बाबत’, ‘विद्यार्थी’, ‘मंजुरी’ हे शब्द शेकडो शीर्षकांत असतात. ते लिहिले तर यादी संपता संपणार नाही. त्यापेक्षा ‘स्वाधार’ लिहा, ‘निर्वाह’ लिहा, ‘पंजाबराव’ लिहा.

आता ‘आधार’ची गंमत बघा. हा शब्द एकटा टाकलात तर आधार कार्ड, आधार क्रमांक, आधार जोडणी असं सगळं समोर येईल. तिथे ‘ज्ञानज्योती’ हा शब्द कामाचा. तोच नेमका.

मराठी लिहिण्यातल्या खाचाखोचा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि इंग्रजीत शोधणाऱ्यांना याची कल्पनाही नसते.

पहिलं, ऱ्हस्व-दीर्घ. शुद्ध शब्द ‘वसतिगृह’, पण कितीतरी कागदांवर ‘वसतीगृह’ असतं. ‘शुद्धिपत्रक’ आणि ‘शुद्धीपत्रक’, तेच. माणसाला फरक जाणवत नाही, पेटीला जाणवतो. दोन्ही टाकून बघा. किंवा भांडण जिथे आहे ते अक्षरच टाळा, नुसतं ‘गृह’ किंवा ‘पत्रक’ टाका आणि बाकीची चाळणी विभागाने आणि तारखेने लावा.

दुसरं, सामान्यरूप. शीर्षकात ‘विद्यार्थी’ क्वचितच असतं. असतं ‘विद्यार्थ्यांना’, ‘विद्यार्थ्यांसाठी’. ‘भत्ता’चं ‘भत्त्याच्या’ होतं, ‘शेतकरी’चं ‘शेतकऱ्यांच्या’. उपाय असा की शब्दाचा न बदलणारा भाग घ्या, ‘विद्यार्थ’, ‘शेतक’. काही पेट्या अर्धा शब्द चालवतात, काही पूर्णच मागतात. आपल्या पेटीचं काय, हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. यादीत समोर दिसणारा एखादा शब्द घ्या, त्याचा अर्धाच भाग टाका. तीच नोंद परत आली तर पेटी अर्धा शब्द चालवते.

तिसरं, जोडून की तोडून? ‘निर्वाह भत्ता’ आणि ‘निर्वाहभत्ता’. म्हणून पुन्हा तेच, एकटा ‘निर्वाह’.

चौथं तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यां’मधला तो ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगवेगळी चिन्हं असतात. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तसंच आहे. तुमच्या कीबोर्डने एक टाकलं, नोंद करणाऱ्याने दुसरं टाकलं असेल, तर शब्द डोळ्यांसमोर असूनही पेटी ‘नाही’ म्हणेल. यावर हमखास उतारा म्हणजे कॉपी-पेस्ट. एक जरी संबंधित शीर्षक सापडलं, तर त्यातलाच शब्द कॉपी करा आणि पेटीत टाका. ज्याने लिहिलं त्याचीच अक्षरं, मग न जुळायला वाव कमी.

आकड्यांचंही लक्षात ठेवा. वर्ष मराठी आकड्यांत लिहून सापडलं नाही तर इंग्रजी आकड्यांत लिहून बघा.

गाळणी आधी, शब्द नंतर

जीआरच्या पानावर विभाग निवडायची सोय आहे, ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशीही सोय आहे. बहुतेक जण ती सोडून थेट शब्द लिहितात. मी उलटं करते. आधी विभाग, मग तारखांचा टप्पा, आणि शब्द सगळ्यात शेवटी. कधी कधी तर शब्द टाकतच नाही. एका विभागाचे दोन महिन्यांचे जीआर असतील तर ती यादी बोटाने सरकवत वाचणं जास्त खात्रीचं. डोळ्यांना ‘वसतीगृह’ आणि ‘वसतिगृह’ दोन्ही कळतात.

आणि पुढचा शोध घेण्याआधी जुनी गाळणी काढली का, ते बघा. मागच्या वेळची तारीख तशीच राहिली असेल, तर शब्द कितीही बरोबर असला तरी उत्तर शून्यच येणार.

सांकेतांक : सगळ्यात सरळ वाट

प्रत्येक जीआरला एक लांबलचक सांकेतांक क्रमांक असतो. जीआरच्या शेवटी, ‘सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून’ अशा अर्थाच्या वाक्यात तो दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. हा क्रमांक हातात असेल तर शब्दांची सगळी कटकट संपते. तो टाका, कागद समोर.

याचा दुसरा उपयोग तर रोजचा. व्हॉट्सॲपवर ‘नवीन जीआर आला, लगेच फॉर्म भरा’ असा फॉरवर्ड येतो. सोबतच्या पीडीएफमधला सांकेतांक काढा आणि संकेतस्थळावर टाका. तिथे तोच कागद आला तर ठीक. क्रमांकच नसेल, किंवा त्यातली तारीख कागदावरच्या तारखेशी जुळत नसेल, तर कुठलीही माहिती भरू नका, पैसे तर नकोच नको.

सापडल्यावरही थांबायचं नाही

जीआर उघडला की सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची तारखांसह यादी असते. तुम्हाला जे शोधूनही मिळत नव्हतं, ते अनेकदा तिथेच असतं. त्या तारखा घ्या, गाळणीत टाका, मूळ निर्णय मिळेल. मग उलट्या दिशेनेही जा. याच विषयावर नंतर काही सुधारणा किंवा शुद्धिपत्रक निघालंय का? रक्कम, अटी, शेवटची तारीख बदललेली असू शकते. जुन्या कागदावर विसंबून अर्ज भरला तर तोटा आपलाच.

पीडीएफमध्ये शोधताना शब्द सापडला नाही तरी घाबरू नका. पान स्कॅन केलेलं असेल तर तो फक्त फोटो असतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं. दोन्ही ठिकाणी स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

पेटीने हात टेकले तर

मग बाहेरून शिरायचं. गूगलमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ हा शब्द, म्हणजे एस, आय, टी, ई. त्याला चिकटून कोलन, कोलनला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता, मग एक जागा सोडून तुमचा शब्द. गूगल फक्त त्याच संकेतस्थळात शोधेल, आणि स्पेलिंगही सांभाळून घेईल. फक्त एक ध्यानात ठेवा, काल-परवा आलेला कागद गूगलला अजून माहीत नसेल. ताज्यासाठी मूळ यादीच बरी.

तर मंडळी, क्रम असा. अधिकृत नाव मिळवा, विभाग निवडा, तारीख लावा, एक नेमका शब्द टाका, लिहिण्याची दुसरी पद्धत करून बघा, शेवटी गूगलमार्गे जा. एवढं केल्यावरही काही आलं नाही, तर कॉलेजच्या कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन योजनेचं नाव घेऊन विचारा. ‘काही योजना आहे का हो?’ असं विचारलं तर ‘बघू’ म्हणतील. ‘स्वाधारचे अर्ज कधी सुटणार?’ असं विचारलं तर तारीख सांगावी लागते.

हा भाग अशा एखाद्याला पाठवा, ज्याचा यंदा वसतिगृहात नंबर लागलेला नाही. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!